परका पाय

मोंघीबेन शिकली ती डोळे बिघडले म्हणून. नाहीतर आमच्या खाऱ्या, ओसाड रणात पोरीनं शाळेचं तोंड बघायचं काही कारणच नव्हतं. नवरात्र संपलं की अख्खी वस्ती बिऱ्हाड उचलून रणात, ती पावसाच्या तोंडावर परत. मधले सगळे महिने मीठ, मीठ आणि मीठ. पोर चालायला लागलं की मिठाच्या आगरात, आगरात उतरलं की हातात मीठ ओढायचं दाताळं. मोंघीही तशीच गेली असती. पण लहानपणीच मिठाच्या पांढऱ्या झगझगाटानं तिचे डोळे असे सुजले की उघडेनात. वैद्यानं सांगितलं, ह्या पोरीला रण नको. मग तिच्या बापानं, देवशीनं, तिला गावात मावशीकडं ठेवली. मावशीला ती दिवसभर पायात पायात नको होती, म्हणून तिनं नेऊन शाळेत बसवली. फळा काळा होता, डोळ्यांना बरा वाटला. बसली ती दहावी होऊनच उठली.

आमच्याकडं मोंघी म्हणजे महाग. वस्तीतल्या बायकांना आयतंच कोलीत मिळालं. "देवशीभाई, पोरगी आधीच महाग, त्यात दहावी. आता हिला घेणार कोण?" घेतली भूपतनं. गावाच्या फाट्यावर त्याची चहाची टपरी होती. कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मला हिशेब जमत नाही आणि हिला गप्प बसणं जमत नाही. टपरीला दोन्ही लागतं." माणूस आळशी, पण मनानं मोकळा. बायको वर्षातले आठ महिने रणात शाळा चालवते, ह्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. उलट रविवारी आपली खडखडी मोटरसायकल घेऊन भाजी आणि गावच्या चहाड्या पोचवायला यायचा.

शाळा म्हणजे गोणपाटाच्या चार भिंती आणि वर ताडपत्री. सरकारनं ती काढली तेव्हा शिकवायला कोणी मिळेना. शहरातले मास्तर यायचे, एक वावटळ खायचे, दुपारी घागरीत डोकावून बघायचे, आणि संध्याकाळी आजारी पडायचे. मोंघीबेननं मात्र डोळ्यावर काळा चष्मा चढवला आणि ठाण मांडलं. हेकट बाई. आवाज खारं पाणी उपसायच्या इंजिनाच्या वर चढणारा. पोरांना मारायची नाही, पण असं बोलायची की पोरं म्हणायची, बेन, त्यापेक्षा एक लावून द्या.

रणात झोपड्या एकमेकींपासून लांब लांब. हाक पोचत नाही, आणि मोबाईल तेव्हा आमच्याकडं आला नव्हता. म्हणून घरटी एक आरसा. उन्हात धरायचा आणि तिरीप पाठवायची. एकदा चमकली की शाळा भरली. दोनदा चमकली की पाण्याचा टँकर आला. आणि आरसा नुसता हलवत ठेवला, तिरीप थांबेचना, की समजायचं घात झाला. कोणाला पान लागलं, कोणाचा हात इंजिनात गेला, कोणी खपलं. ती तिरीप ज्याला दिसेल त्यानं पुढच्या झोपडीला दाखवायची, पार गावापर्यंत पोचवायची, आणि हातातला घास टाकून धावायचं. तिच्याशी खेळ नाही करायचा. एका दारुड्यानं केला होता, तर पंचांनी त्याला वर्षभर कोणाच्या चुलीपाशी बसू दिलं नव्हतं.

दुसरा एक नेम असाच कडक. मीठ धरायला लागलं की आगरात परका पाय पडू द्यायचा नाही. दाताळं फिरवायचं ते घरच्यांनीच. परका पाय पडला की मीठ रुसतं, काळवंडतं, दाणा भुगा होतो. कोणी पाहिलं होतं असं झालेलं? कोणीच नाही. सगळ्यांनी ऐकलेलं, आणि ऐकीव गोष्टीवर माणसाचा विश्वास फार घट्ट बसतो. आता दाताळं तर रोज दोन वेळा फिरायलाच हवं. एक दिवस चुकलं की दाणा दाण्याला चिकटतो, तळाला लादी धरते, आणि तसलं मीठ वेपारी पायानं उडवतो. म्हणजे शेवटच्या महिन्यात घरचं एक माणूसही हलवायची सोय नाही, आणि शेजाऱ्याला बोलवायची तर मुळीच नाही.

आणि परीक्षा नेमकी त्याच महिन्यात. आठवीची परीक्षा गावात जाऊन द्यायची, आठवडाभर. ती दिल्याशिवाय नववीला तालुक्याच्या वसतिगृहात घेत नाहीत. मुलांना आईबाप कसंबसं सोडायचे. "पोरगा जाऊ दे, पोरगी आहे ना आगराला." झालं! पोरगी राहायची. दरवर्षी हेच. मोंघीबेननं परीक्षेची तारीख बदला म्हणून वरच्या साहेबांकडं खेटे घातले. साहेब म्हणाले, तुमच्या मिठासाठी राज्याची परीक्षा हलवू का? ती वस्तीवर दारोदार फिरली. बायका ताक द्यायच्या, हो हो म्हणायच्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अठरा वर्षं शाळा चालवली, तेवढ्यात रणातली एक पोरगी आठवीच्या पुढं गेली नाही. एकदा ती भूपतला म्हणाली, "मी ह्यांना वाचायला शिकवते आणि मग माझ्याच हातानं दाताळ्याच्या हवाली करते. कशाला करते रे मी हे?" भूपतनं उठून चहा टाकला.

त्या वर्षी आठवीला गगजीभाईची लाभू होती.

लाभू म्हणजे नुसती तिखट मिरची. दिलेली गणितं संपली की आणखी द्या म्हणून बेनच्या मागं लागायची. शाळेतून घरी जाताना पायाच्या अंगठ्यानं मिठाच्या पापुद्र्यावर आकडे काढत जायची, आणि बेन सकाळी त्याच वाटेनं जाऊन चुका बघायची. "लाभू, इंजिनाच्या खड्ड्यापाशी हातचा विसरलीस." असा त्यांचा गृहपाठ. मोंघीबेननं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, ही पोर मी मिठाला देणार नाही.

पण गगजीभाईच्या पायाची भेग चिघळली. डॉक्टर म्हणाला, खाऱ्या पाण्यात पाय घातलास तर पाय कापावा लागेल. घरात आगरं दोन. एकात लाभूची आई कंकू, दुसऱ्यात लाभू. आणि परीक्षा सोमवारपासून. कंकूनं तर भावाकडं शब्दही टाकून ठेवला होता, की परीक्षा नाही झाली तर वैशाखात लाभूची सगाई उरकून घेऊ.

मोंघीबेन शनिवारी त्यांच्या झोपडीत गेली. गगजीभाई बाजेवर पाय वर करून बसला होता.

"गगजीभाई, लाभूची परीक्षा सोमवारी."

"ठाऊक आहे बेन. मीठही सोमवारी आहे. मंगळवारीही आहे."

"कंकूबेन दोन्ही आगरं करेल का आठवडाभर?"

"बाई आहे ती, बैल नाही," गगजीभाई म्हणाला. "आणि बैलही मेला असता."

"मग लाभूचं आगर मी करते."

गगजीभाई हसायलाच लागला. "तुम्ही? खडूपेक्षा जड काही उचललंय का हो तुम्ही?"

"मी देवशीची पोर आहे. दाताळं मला शिकवू नका."

"असाल की देवशीच्या. आमच्या घरच्या तर नाही ना? परका पाय चालत नाही, बेन. तुम्हाला काय नवीन सांगायचं?"

मोंघीबेन उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला तशी बाहेरची शेळी पण गप्प झाली. "दर गुरुपौर्णिमेला तुम्ही लाभूला घेऊन गावात माझ्या घरी येता. नारळ ठेवता. माझ्या पायावर डोकं ठेवता. तेव्हा हा पाय परका नसतो? बोला ना! लाभू इथंच उभी आहे. तिच्यासमोर म्हणा, बेनचा पाय परका आहे. मी आत्ता जाते."

गगजीभाईची पंचाईत झाली. परका म्हणावं तर गुरूचा अपमान, घरचा म्हणावं तर बाई आगरात. 

"बेन, तुम्ही मास्तरीण झालात हे नशीब आमचं," शेवटी तो म्हणाला. "वकील झाला असतात तर रण विकून खाल्लं असतंत. पण मीठ काळं पडलं तर? वर्षाची भाकरी आहे ती."

"पडलं तर मी शाळा बंद करते आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडं दाताळं ओढते. फुकट."

हे ती रागाच्या भरात बोलून गेली. पण बोलल्यावर माघार घेईल ती मोंघीबेन कसली! दुसऱ्या दिवशी भूपत भाजी घेऊन आला, तो लाभूला मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेला. ती त्याच्याच घरी राहणार होती.

सोमवारी उजाडता उजाडता मोंघीबेन आगरात उतरली. साडी गुडघ्यापर्यंत खोचली, दाताळं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढायला सुरुवात केली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, परत मागं, खालचा दाणा हलेल असं. तासाभरात कंबर बोलायला लागली. मग पाय. मिठाचा दाणा काचेसारखा असतो. आगरातल्या बायकांचे पाय लहानपणापासून निबर झालेले, हिचे चपलेतले. सकाळी आगर, मग शाळा, दुपारनंतर परत आगर. शाळेत ती बसून शिकवायला लागली. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. एकानं विचारलंच, "बेन, तुमचे पाय दुखतात?" बेन म्हणाली, "पाय दुखले तर पाढे बंद पडतात का? चल, सोळाचा म्हण."

मंगळवारी पायाला भेगा पडल्या. रात्री तिनं त्यात तूप भरलं आणि तोंडात पदर कोंबून झोपली.

बुधवारी दुपारी कंकू आपल्या आगरातून वर आली आणि तिनं बेनच्या आगराकडं पाहिलं. पाणी एका जागी लालसर झालं होतं. ती बांधाशी धावली.

"बेन, बाहेर या. तुमच्या पाया पडते. रक्त येतंय."

"येऊ दे. थोडंच आहे. अजून निम्मं आगर व्हायचंय."

"अहो, गुरूचं रक्त आमच्या मिठात! कुठं फेडू हे मी? नको ती परीक्षा. लाभूला बोलवून घेते."

"बोलवून तर बघ!" मोंघीबेन मान वर न करता म्हणाली आणि ओढत राहिली.

 नवरा बाजेवर, बाई ऐकत नाही. ही आगरातल्या आगरात पडली तर? कंकू झोपडीत धावली, खुंटीवरचा आरसा काढला, उन्हात धरला आणि गदागदा हलवायला लागली.

पुढच्या झोपडीवर तिरीप दिसली. तिथून पुढं. तिथून पुढं. अख्खं रण धावत सुटलं.

सगळ्यांच्या पुढं वस्तीचा थोरला पंच वीरमकाका. वय झालेलं, छातीत दमा, हातात काठी, डोक्यावरचं फडकं सुटून गळ्यात आलेलं. मागं शेजारच्या आगरातला मेरुभाई, मागं बायका, पोरं, दोन कुत्री. वीरमकाका आला तो धापा टाकत ओरडला, "कोण गेलं?"

"कोणी नाही," कंकू म्हणाली.

"साप?"

"नाही."

"इंजिन?"

"नाही काका. ह्या बेन बघा ना, आमच्या आगरात..."

"म्हणजे मेलं कोणीच नाही?" वीरमकाकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्या छातीनं मी एवढा धावलो, आणि सगळे जिवंत!"

मग त्याची नजर आगरात गेली. मोंघीबेन मधोमध उभी, दाताळं हातात, कोणाकडं न बघता.  मेरुभाई म्हणाला, "अरे, धरतं मीठ आहे. परका पाय! गगजी, अक्कल गहाण टाकलीस काय?" बायका कुजबुजायला लागल्या. कोणी म्हणे आता सगळ्या रणाला बाधणार, कोणी म्हणे शिकली की अशी डोक्यावर बसते बाई. वीरमकाका तर काठी आपटून आपटून बोलायला लागला. खोटी तिरीप एक, परका पाय दोन, पंच बसवा. गगजीभाई बाजेवरून सांगत होता की हा पाय परका नाही, पण त्याचं ऐकतो कोण.

उन्हं कलली तरी भांडण मिटेना, तेवढ्यात टँकरचा आवाज आला.

टँकर आधीच दोन दिवस उशिरानं चालला होता. बिघडला होता म्हणे. घरोघरच्या घागरी तळाला गेलेल्या. बायका लहान पोरांना घोटाघोटानं पाणी देत होत्या, शेळ्या ओरडून ओरडून थकल्या होत्या. त्यामुळं भांडण विसरून सगळ्यांची तोंडं तिकडं वळली. टँकर थांबतोय न थांबतोय तोच केबिनमधून लाभूनं उडी मारली.

"बा! बा कुठाय?"

तिरीप गावापर्यंत पोचली होती. लाभू पेपर देऊन भूपतच्या टपरीवर उभी होती. कोणीतरी बोललं, गगजीच्या बाजूनं येतेय. पोरीनं काही विचारलं नाही, भूपत टपरीमागं बंद पडलेली मोटरसायकल खोलून बसला होता त्यालाही सांगितलं नाही, निघालेल्या टँकरवर चढली. वाटभर बाप मेला म्हणून रडत आली. आणि बाप बाजेवर बसून विडी ओढतोय!

तिला हसावं की रडावं कळेना. मग तिला बेन दिसली, बेनचे पाय दिसले. ती सरळ आगराच्या बांधावर गेली आणि तिनं दाताळ्याला हात घातला.

"द्या इकडं. मी नाही जाणार परत. माझ्यापायी तुमचे पाय असे झाले. नको मला परीक्षा."

"हात काढ," मोंघीबेन म्हणाली.

"नाही काढणार."

"लाभू, उद्या गणित आहे. हात काढ म्हणते ना!" बेनचा आवाज फाटला. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "हे पाय मी कशासाठी फाडून घेतले? तू इथं येऊन रडावंस म्हणून? एकदा तरी, एकदा तरी एकीनं पुढं जावं ना माझ्या डोळ्यांदेखत! अठरा वर्षं मी काय मिठाच्या भिंतींना शिकवलं?" आणि ती भर आगरात, सगळ्यांसमोर रडली. मोंघीबेनला रडताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

टँकरचा ड्रायव्हर दलसुख खाली उतरून टायरपाशी उभा होता. तोही बेनचाच विद्यार्थी. मान खाली घालून म्हणाला, "बेन, एक सांगू का? ही उद्या पेपरला पोचायची तर गाडी आत्ता फिरवायला लागेल. पाणी वाटत बसलो तर शेवटच्या झोपडीवरच अंधार पडतो. अंधारात मी रणात गाडी घालत नाही. मागं एकदा घातली होती, रात्रभर गोल फिरलो आणि सकाळी निघालो तिथंच. आज इथं झोपलो तर उद्या सकाळचा पेपर सुरू झाल्यावरच गावात."

आता काय ते सगळ्यांना कळलं. पोरगी जायची तर पाणी परत जायचं; घागरी लांब झोपड्यांत राहिलेल्या, आणायला वेळ नव्हता. रणात माणूस माणसाकडं काहीही मागेल. पाणी मागत नाही. मोंघीबेननं डोळे पुसले. तिला बोलायचं तोंडच नव्हतं. ह्या लोकांच्या घागरी तिला ठाऊक होत्या, ह्यांची पोरं तिच्यापुढं सुकल्या ओठांनी पाढे म्हणत होती. ती दाताळं लाभूच्या हातात सोडून बांधावर बसली. हरली ती. एवढ्या वर्षांत प्रथमच हरलेली दिसली.

वीरमकाका काठीवर हनुवटी टेकून उभा होता. धाप अजून गेली नव्हती. तो कोणाकडं न बघता बोलायला लागला.

"माझी धनी. नात माझी. गेल्या वर्षी मी तिला बेनच्या फळ्यासमोरनं उठवून आणली. हात धरून. आगराला माणूस नव्हतं. पोरगी वाटभर रडत आली. मीठ चांगलं आलं त्या साली. विकलं. खाल्लं. संपलं." तो थांबला. "धनी आता सासरी दाताळं ओढते. मला बघितलं की बोलत नाही."

त्यानं काठीनं टँकरकडं खूण केली.

"फिरव रे गाडी," वीरमकाका म्हणाला.

"काका, आणि पाणी?" मेरुभाई म्हणाला.

"पाणी उद्या येईल. परीक्षा उद्या येऊन जाईल."

"शेळ्यांचं काय?"

"शेळ्यांना सांग, वीरम म्हणाला. एक दिवस ओरडा." मग तो कंकूकडं वळला. "आणि तू! खोट्या तिरिपीचा दंड माफ नाही. पाणी आलं की सगळ्या रणाला चहा. दुधाचा. आता बघत काय उभी राहिलीस, पाइप सोडा, प्या पोटभर, आणि पोरीला बसवा आत."

दलसुखनं पाइप सोडला. माणसं ओंजळी धरून प्यायली, पोरांनी डोकी भिजवून घेतली, त्याबद्दल धपाटे खाल्ले. गगजीभाईच्या घरचं पिंप भरलं, त्यातनं कंकूनं तान्ह्या पोरांच्या आयांना हंडा हंडा दिला. बाकीचे आले तसे रिकाम्या हातानं घरी गेले. लाभू केबिनमध्ये चढत नव्हती, तिला तिच्या बापानंच लंगडत लंगडत नेऊन चढवली. टँकर पाणी डुचमळवत गावाकडं निघाला. शेळ्या त्याच्याकडं बघून ओरडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मोंघीबेन चप्पल हातात घेऊन, पाय ओढत आगरावर पोचली तेव्हा आगरात आधीच बायका होत्या. वीरमकाकाची बायको जीवीमा, मेरुभाईची बायको, आणखी दोघी तिघी. घसे कोरडे, पण जिभा चालू. आपापली दाताळी घेऊन आलेल्या, आणि गगजीच्या आगरात अशा ओढत होत्या जशी माहेरची मिळकत.

मोंघीबेन पाय घालणार तशी जीवीमा कडाडली. "अहो, अहो! पाय आत नको. परका पाय चालत नाही आमच्यात."

बायका फिदीफिदी हसल्या.

"आणि तुमचे?" मोंघीबेन म्हणाली.

"आमचं आम्ही बघू. मीठ रुसलं तर आम्ही समजूत घालू त्याची. तुम्ही शाळा उघडा. पोरं खोळंबलीत तिकडं, आणि तुम्ही इथं दाताळ्याशी खेळताय."

  मोंघीबेन वळली आणि शाळेकडं चालायला लागली. पाय ठणकत होते तरी इतकी सुखात ती आयुष्यात चालली नव्हती, हे ती आजही सांगते.

आठवडाभर बायका पाळीनं आल्या. गगजीच्या मिठाला काय झालं? काही नाही झालं. दाणा पांढरा, टपोरा. मेरुभाईनं जिभेवर ठेवून बघितला आणि फक्त 'हं' म्हणाला. लाभू पास झाली, वसतिगृहात गेली, तिच्या मागनं पुढच्या वर्षी आणखी गेल्या. परीक्षा आली की पोरीचं आगर वस्तीनं करायचं, ही आता रीतच पडली आहे आमच्यात. कधी पडली, कशी पडली हे नवी पोरं विचारतही नाहीत. असंच असतं असं त्यांना वाटतं.

पण मला सांगायचंय ते निकालाच्या आधीचं. शेवटचा पेपर देऊन लाभू परत आली त्या संध्याकाळचं. मोंघीबेन गगजीभाईच्या दारात बाजेवर पायांना एरंडेल चोपडून बसली होती. कंकू दंडाचा चहा गाळत होती. लाभू आली, पिशवी ठेवली, कोणाला काही विचारलं नाही. सवयीनं आईसारखी ओढणी कमरेला खोचली, भिंतीला टेकलेलं दाताळं उचललं आणि आगराकडं निघाली.

गगजीभाई उठला. त्या पायानं तिच्या मागं गेला आणि तिच्या हातातलं दाताळं काढून घेतलं.

"बा, संध्याकाळचं व्हायचंय अजून."

"होईल. निकाल लागेपर्यंत ह्याला हात लावू नकोस."

"आणि पास झाले तर?"

"तर मग कधीच लावू नकोस," गगजीभाई म्हणाला.